राउटरसाठी एक पेटी

आमच्या दादांनी वयाच्या साठाव्या वर्षी मिशा उतरवल्या, तेव्हा गल्लीत चार दिवस दुसरा विषय नव्हता. त्या मिशा सामान्य नव्हत्या. चाळीस वर्षे जोपासलेल्या, दोन्ही टोकांना किंचित वर वळलेल्या आणि वरच्या ओठाचा मागमूसही न ठेवणाऱ्या. परंतु त्याच सुमारास वहिनींचे कान हळूहळू मिटत चालले होते आणि त्या ओठांवरून बोलणे ओळखायला शिकत होत्या. त्यांना शिकवणाऱ्या बाईंनी एकदा दादांना समोर बसवून चार वाक्ये बोलायला लावली आणि शांतपणे निदान केले, "यांचे अर्धे बोलणे झुडपातच राहते." दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाव्याच्या खुर्चीतून उठून दादा थेट घरी आले, वहिनींच्या पुढे उभे राहिले आणि म्हणाले, "सांग, आता काय दिसते?"

"नाकाखाली पांढरा पट्टा दिसतो," वहिनी म्हणाल्या.

तेव्हापासून त्या घरात काही नियम आपोआप रुजले. बोलणाऱ्याने पाठ फिरवायची नाही. खिडकी पाठीशी घेऊन बसायचे नाही, कारण चेहरा अंधारात जातो. हनुवटी हातात धरून चिंतन करायचे असेल तर ते मुकाट्याने करायचे. मी दादांचा धाकटा भाऊ, दोन घरे सोडून राहतो. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवल्यामुळे प्रत्येक अक्षर सुटे उच्चारण्याची मला खोड आहे. इतरांना तिचा कंटाळा येतो, पण वहिनी म्हणतात, "भावजी, तुमचे बोलणे मोठ्या टायपात छापल्यासारखे दिसते." पुस्तकबांधणी करणाऱ्याच्या बायकोने केलेली ही स्तुती मी जपून ठेवली आहे.

दादांची लेक फार दूर, समुद्रापलीकडे असते. तिला सहा वर्षांची मुलगी आहे आणि तिला सगळे चिमणी म्हणतात. दर रविवारी सकाळी दहाला ही चिमणी पडद्यावर येते. यंत्रातून आलेला आवाज वहिनींच्या कानातल्या यंत्राला पेलत नाही. एका यंत्राचे दुसऱ्या यंत्राशी पटत नाही म्हणा. त्यामुळे त्यांचा सारा भरवसा चित्रावर, आणि चित्र त्या घरी येई ते लंगडत. चिमणीचे उघडलेले तोंड उघडेच राही, आणि ते पुन्हा हलू लागे तेव्हा वाक्य संपून गेलेले असे. वहिनी काय करणार? त्या हसत आणि मान डोलावीत. आपल्याला काही कळत नाही हे लेकराला कळू नये, इतकाच त्यामागे हेतू.

चिमणीने एकदा आईला सांगितलेही, "आजी सगळ्यालाच हो म्हणते." सगळे हसले आणि विसरले.

मग एका रविवारी चित्र इतके अडखळले की वहिनी लवकर उठून गेल्या. पोरीने त्याचा आपल्या परीने अर्थ लावला. पुढच्या रविवारी तिने पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, तू माझ्यावर रागावलीस का?"

चित्र 'आजी' या शब्दावर गोठले होते. वहिनींनी तोंडभर हसून मान डोलावली.

"खूप?"

वहिनींनी आणखी प्रेमाने डोलावली.

पडदा पुन्हा हलला तेव्हा तिकडची खुर्ची रिकामी होती आणि कुठूनतरी हुंदके येत होते. वहिनींना ते ऐकू आले नाहीत. त्यांनी दादांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि त्यावरून सगळे वाचले.

लेकीने तिकडे समजूत घातली, दादांनी इकडे घातली. पण वहिनी म्हणाल्या, "आता मी समोर बसणार नाही. माझ्या होकाराने पोर रडते. तुम्ही बोलत जा, मी मागे उभी राहून बघत जाईन." त्या रागावून बोलल्या असत्या तर दादांनी काहीतरी उत्तर दिले असते. त्या अगदी सहज, भाजी संपली आहे असे सांगावे तशा बोलल्या. दादा हादरले ते त्यामुळे.

मिशांच्या वेळी दाखवलेली तत्परता त्यांनी पुन्हा दाखवली. आठवड्याच्या आत अधिक वेगाची ब्रॉडबँड सेवा घेतली. जोडणीवाला आला आणि त्याने एक केसासारखी नाजूक तार कार्यशाळेच्या खिडकीतून आत घेतली. घरात तीन खोल्या एका ओळीत आहेत. पुढे बसायची, मध्ये निजायची, मागे कार्यशाळा. कार्यशाळेत लोखंडी दाबयंत्र, पुठ्ठ्यांची चळत, खळीचे भांडे, आणि खळीच्या टेबलावर एक फळी. फळीवर दादांचा जुना राउटर बसलेला होता, अंगात कापडी झबले घालून. त्या घरात कोणतीही वस्तू फार काळ उघडी राहत नाही. टेलिफोनच्या यादीलाही कातडी कणा आहे.

जोडणीवाल्याने आपला संगणक आधी तारेने जोडला. वेगाचा आकडा भरभर चढला. मग तार काढली आणि पुढच्या खोलीत जाऊन पाहिले. आकडा पायरी पायरीने वर गेला, दमला आणि बसला.

"काका, गंगा तुमच्या दारापर्यंत आली आहे," तो म्हणाला, "पण तुम्ही ती चमच्याने घरात घेताय. हा राउटर म्हातारा झाला."

"मी पण झालोय."

"तुम्हाला बदलता येत नाही, याला येतो."

"कोणता घेऊ, सांग."

"ते दुकानात विचारा. मी सांगितला तर म्हणाल, याचा त्यात वाटा आहे."

तो गेल्यावर दादा वहिनींच्या समोर, उजेडात, नीट बसले. "येत्या रविवारी एकदा बस. चित्र अडले, तर पुन्हा कधी आग्रह करणार नाही."

वहिनींनी बराच वेळ त्यांच्या ओठांकडे पाहिले, जणू काही छापायचे राहून गेले आहे का ते तपासत होत्या. "एकदाच," त्या म्हणाल्या.

गुरुवारी आम्ही दोघे भाऊ राउटर निवडायला निघालो. वाटेत दादांनी विचारले, "तार नाही, दोरा नाही, मग हे जाते कसे?"

मी म्हणालो, "दादा, आपल्या जुन्या शास्त्रकारांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला आहे. आकाश सर्वत्र व्यापून आहे, म्हणून शब्दही..."

"मग आकाशाला पासवर्ड कशाला?"

याचे उत्तर शास्त्रातही नसावे.

दुकानाची मालकीण मध्यम वयाची बाई होती. चष्मा डोक्यावर, पेन्सिल कानामागे. तिने पाच राउटर काचेवर मांडले. दादांनी त्यांच्यावरचे आकडे वाचले नाहीत. एकेक उचलून तळहातावर ठेवला, डोळे मिटले, किंचित वरखाली केला, आणि शेवटी एक नाकाशी नेला.

"काका, कलिंगड निवडताय का?"

"पुस्तक हातात घेतले की त्याचे आयुष्य कळते," दादा म्हणाले. "वजन खोटे बोलत नाही."

"याचे बोलते. त्या काळ्यात नुसता पत्रा भरलाय, गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून."

दादांनी काळा राउटर अपमान झाल्यासारखा खाली ठेवला. मग त्यांचे लक्ष कोपऱ्यातल्या आठ अँटेनांच्या भल्या मोठ्या यंत्राकडे गेले. "हा उताणा पडलेला खेकडा काय करतो?"

"तो मोठ्या बंगल्यांना लागतो. तीस-चाळीस यंत्रे एका वेळी चालवतात अशांना."

"सर्वांत चांगला तोच ना? मग तोच द्या. या कामात कसर नको."

कोणत्याही दुकानदाराने इथे खेकडा बांधून दिला असता. या बाईने पेन्सिल कानामागून काढली आणि विचारू लागली. खोल्या किती? तीन. भिंती कसल्या? विटांच्या. त्यावर चालणारी यंत्रे किती? दोन. "आणि मुख्य वापर कशासाठी? सिनेमे, खेळ, कचेरीचे काम?"

"ओठ बघायला," दादा म्हणाले.

बाईने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. दादांनी तिला मोजून चार वाक्यांत सगळे सांगितले, मिशांपासून रिकाम्या खुर्चीपर्यंत. मग तिने खेकडा आपल्या हातांनी मागे सारला.

"हा तुमच्या घरात म्हणजे टपरीच्या दारात हत्ती झुलवणे. ऐका. राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो. एक लांब जाते, भिंतीला भीत नाही, पण सावकाश चालते. दुसरी फार वेगवान, पण भिंत आली की दमते."

"म्हणजे एक सुतळी आणि एक रेशीम."

"अगदी तसेच. दोन्ही नीट देणारा हा मधला घ्या, चार अँटेनांचा. काकूंचे यंत्र रेशमाला जोडा, आणि बोलताना त्यांना मधल्या खोलीत बसवा, म्हणजे एकच भिंत आडवी येईल. आणखी दोन गोष्टी. हा तापतो, त्याला हवा लागू द्या. आणि कपाटात कोंडू नका."

दादांनी मान डोलावली. मान डोलावण्याचा गुण आमच्या घरात केवळ वहिनींकडेच नाही, हे मला तेव्हा आठवायला हवे होते.

त्याच दुपारी राउटर फळीवर बसला. मी माझ्या घरी जाऊन तिथून व्हिडिओ फोन लावला. मधल्या खोलीत वहिनी टॅबलेट समोर घेऊन बसल्या होत्या. आवाज मुळीच न काढता मी नुसते ओठ हलवून एक लांबलचक, समासांनी गच्च भरलेले वाक्य म्हटले. वहिनींनी ते डोळे बारीक करून संपूर्ण पाहिले.

"भावजी, एवढे जड काही चघळण्यापेक्षा चहाला या," त्या म्हणाल्या. मग एकदम थांबल्या. "अहो, अडले नाही हो! एकदाही अडले नाही!"

दादांनी मागच्या मागे कार्यशाळेत जाऊन दार लावून घेतले. मला वाटले, डोळे पुसायला गेले असतील. पण ते पुठ्ठा कापायला गेले होते.

शुक्रवार आणि शनिवार त्या बंद दाराआडून सुरीचा आणि घासकागदाचा आवाज येत राहिला. शनिवारी संध्याकाळी त्यांनी मला आत बोलावले. टेबलावर एक पेटी होती. दादांच्या हातून आजवर शेकडो पेट्या झाल्या असतील, परंतु अशी मी पाहिली नव्हती. बाहेरून गर्द निळे कापड, कडांना तांबूस कातडी, झाकण असे बसलेले की मिटताना आतली हवा हलकेच सुस्कारा टाकी. झाकणावर चिमणीचे, म्हणजे पक्ष्याचे, सोनेरी चित्र उमटवलेले.

"दादा, हे काय?"

"राउटरसाठी. त्या फळीखाली खळ शिजते. वाफ येते, शिंतोडे उडतात, धूळ बसते. ज्याच्यावर एवढे अवलंबून आहे त्याला उघडा ठेवू?"

"बाईंनी कोंडू नका म्हटले होते."

"कपाटात कोंडू नका म्हटले होते. ही पेटी आहे. आणि हवेसाठी मागे अकरा भोके पाडली आहेत, मोजून घे." मी मोजली. अकरा होती. दादांनी झाकण उघडले; आतून पेटी चंदेरी लखलखत होती. "आत ॲल्युमिनियमच्या वर्खाचे अस्तर दिले आहे. हे मी फक्त जुन्या हस्तलिखितांच्या पेट्यांना लावतो. ओल म्हणू नकोस, कागद खाणारी कसर म्हणू नकोस, आजवर या अस्तरातून काही आत गेलेले नाही आणि बाहेर आलेले नाही."

हे वाक्य त्यांनी अभिमानाने उच्चारले, मी आदराने ऐकले, आणि आम्हा दोन वृद्धांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

रविवार उजाडला आणि मीही दादांकडे येऊन बसलो. वहिनींनी ठेवणीतली साडी नेसली आणि पावणेदहालाच टॅबलेटसमोर बसल्या. त्यांचे हात मांडीवर एकमेकांना धरून होते. दादांनी राउटरच्या अँटेना मुडपून तो पेटीत निजवला, बाजूच्या खाचेतून तारा काढल्या आणि झाकण मिटले. पेटीने सुस्कारा टाकला.

दहा वाजले. चिमणी पडद्यावर आली. ओठ हलले, थबकले. कपाळ एकीकडे आणि हनुवटी दुसरीकडे अशी तिची चौकोनी शकले झाली. मग एक तोंड, अर्धे उघडे, तसेच राहिले.

वहिनींनी या वेळी मान डोलावली नाही. त्यांनी दादांकडे पाहिले. त्या पाहण्यात दोष नव्हता. 'तुम्ही पुष्कळ केलेत' एवढेच होते. मग त्या पदर सावरून उठू लागल्या.

"अगं, बस! एक मिनिट बस!" दादांचा आवाज फुटला. धीर सुटलेला माणूस आपल्याजवळ सर्वांत चांगले जे असेल तेच पुढे करतो. "तिला निदान पेटी तरी दाखवतो. तिच्यासाठी चिमणी काढलीय." ते कार्यशाळेत धावले. तारा लांब होत्या, म्हणून पेटी उचलून दारापर्यंत आणता आली. तिथूनच त्यांनी झाकण उघडून पेटी वर धरली. "चिमणे, बघ आत कसे चकाकते!"

"...आणि आई म्हणाली रक्त आले तरी घाबरायचे नाही!" पडद्यावरची चिमणी भडाभडा बोलत होती, आणि तिच्या ओठांची एकेक हालचाल लख्ख दिसत होती. वहिनी अर्ध्या उठलेल्या तशाच राहिल्या.

"आणि हे बघ झाकण," दादा म्हणाले आणि त्यांनी पेटी मिटली.

चिमणी गोठली.

"उघडून दाखवा पुन्हा," मी म्हणालो.

उघडली. "आजोबा! तुम्ही मधेच पुतळा का होता?" चिमणी ओरडली. "झाकण लावले की पुतळा, उघडले की आजोबा! पुन्हा लावा ना!"

दादांनी पुन्हा लावले. पुन्हा उघडले. तिकडे पोर हसून हसून खुर्चीवरून घसरायला आली होती. इकडे दादा मात्र झाकणाकडे, मग आतल्या चंदेरी अस्तराकडे, मग माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटत होते ते ओठ वाचता न येणाऱ्यालाही वाचता आले असते.

"काही आत जात नाही," ते पुटपुटले, "आणि काही बाहेर येत नाही."

वहिनींनी ते वाचले. पेटी पाहिली, दादांकडे पाहिले, आणि गेल्या कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा खळखळून हसल्या. "अहो, मिशा काढल्यात ना माझ्यासाठी? मग ही कशाला वाढवलीत?"

दादांनी राउटर पेटीतून बाहेर काढला, अँटेना उभ्या केल्या आणि फळीवर उघडाच ठेवला. अंगरखा उतरवलेल्या पाहुण्यासारखा तो जरा संकोचलेला दिसत होता. मग ते येऊन वहिनींच्या शेजारी बसले.

चिमणीचे हसू ओसरले होते. ती कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली. "आजी," तिने विचारले, "तू माझ्यावर अजून रागावली आहेस?"

आवाज वहिनींपर्यंत पोहोचला की नाही, कोण जाणे. ओठ पोहोचले.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "मुळीच नाही. त्या दिवशी मला तुझे बोलणे दिसलेच नव्हते. मी उगीच हो म्हटले."

पोरगी विचारात पडली. एवढ्यावर विसंबणे तिला पटले नसावे. तिचा अनुभव दांडगा होता. तिने परीक्षा घ्यायचे ठरवले.

"आजी, तू हत्ती आहेस?"

"नाही."

"तुला शेपूट आहे?"

"नाही गं बाई."

"आजोबांना आहे?"

वहिनींनी दादांकडे एकदा नीट वळून पाहिले. "नाही. पण आज सकाळपर्यंत असावे, असा मला संशय आहे."

"अगं, लेकरासमोर!" दादा म्हणाले.

"आणि तुझा पुढचा दात पडलाय," वहिनी पडद्याकडे झुकल्या. "खालचा. डावीकडचा. केव्हा?"

चिमणीने आनंदाने तोंड इतके उघडले की पडद्यावर दुसरे काही उरले नाही. बुधवारी पडला होता. तेच तर ती मघापासून सांगत होती. रक्त आले होते, पण ती रडली नव्हती. थोडीच रडली होती. दात कागदात गुंडाळून ठेवला होता आणि दुसराही हलत होता. हे सगळे वहिनी डोळ्यांनी ऐकत होत्या आणि मध्येच प्रश्न विचारत होत्या. पेटीला हात लावायला कोणाला फुरसत नव्हती. ती बाजूला, झाकण उघडे टाकून, चकाकत पडली होती.

तिच्यावर चिमणीचीच नजर पुन्हा गेली. त्या पेटीत ओल जात नाही, कसर जात नाही, आतले कधीच बाहेर येत नाही, असे दादांनी तिला खाली मान घालून सांगितले.

"मग तर माझे दात ठेवायला छान आहे!" ती म्हणाली. "आजी, ती पेटी मला देशील?"

दादांनी वहिनींकडे पाहिले. वहिनी पडद्याकडे पाहत होत्या.

"हो," त्या म्हणाल्या.